पाझर

आमच्या गाडीच्या बॉनेटखाली, एका कोपऱ्यात, धूसर पांढऱ्या प्लॅस्टिकची एक बाटली आहे. तिच्या अंगावर दोन आडव्या रेघा आहेत. वरची कमाल पातळीची, खालची किमान पातळीची. आतला हिरवा द्रव या दोन रेघांच्या मध्ये असला की गाडीचे बरे चालले आहे असे समजायचे. २००६ साली गाडी घरी आली तेव्हा पेढे वाटून झाल्यावर नानांनी बॉनेट उघडून आम्हां दोघांना सर्वांत आधी ही बाटली दाखवली होती. "बाकी काही विसरलात तरी चालेल, हिच्याकडे मात्र रोज बघायचं," असे ते म्हणाले होते. आम्ही हो म्हणालो आणि पुढची सतरा वर्षे ती बाटली नानांच्याच नजरेवर सोडून दिली.

नाना आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढून ते २००२ साली निवृत्त झाले. आम्ही दोघेही मराठी शिकवतो, शहराच्या दोन टोकांना असलेल्या दोन महाविद्यालयांत. यंत्रांशी आमचे नाते भाडेकरूने घरमालकाशी ठेवावे तेवढेच. महिन्याचे देणे चुकते केले की संबंध संपला. गाडीला १५ वर्षे झाली तेव्हा, २०२१ साली, संगम पुलाजवळच्या आरटीओत खेटे घालून आम्ही तिची पुनर्नोंदणी केली, पर्यावरण कर भरला आणि तिला आणखी पाच वर्षांचे आयुष्य मिळवून दिले. सहकारी विचारीत, "अजून तीच?" त्यावर आमच्याकडे नानांचेच उत्तर असे: चालते आहे ते विकायचे कशाला? वयाच्या पंचाहत्तरीत नानांनी गाडी चालवणे स्वतःहून सोडले. पण सकाळी फिरून आले की फडके घेऊन ते पार्किंगमध्ये दहा मिनिटे रेंगाळत, आणि वर येऊन चहा पिताना "ठीक आहे सगळं" असे सांगत. हे वाक्य गाडीबद्दल आहे की एकूणच, हे आम्ही कधी विचारले नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही वाईजवळच्या गावी गेलो होतो. खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून किंचित वर सरकला, आणि घाट उतरल्यावर पुन्हा मुकाट्याने खाली आला. घरी येऊन दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडले, तर बाटलीतला द्रव खालच्या रेघेला टेकला होता. दुकानातून कूलंटचा डबा आणून आम्ही बाटली भरली. पंधरा दिवसांनी पाहिले तर पातळी दोन बोटे खाली गेलेली. गाडीखाली ओल नाही. रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवले. ते सकाळी जसेच्या तसे कोरडे. पुन्हा भरली. पुन्हा दोन बोटे. महिना-दीड महिना हा क्रम चालला, आणि कबूल करायला हवे की आम्हांला त्याचा काही त्रास होत नव्हता. बाटली भरली की काळजीही भरून निघे. उलट आपण गाडीकडे नीट लक्ष देतो आहोत, असे एक समाधानच वाटे.

या द्रवाचे काम काय, हे आम्हांला चाळिशी ओलांडल्यावर कळले, हेही सांगून टाकू. इंजिनात इंधन जळते तेव्हा निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग गाडी पुढे नेण्याच्या कामी येत नाही. तो वाहून नेला नाही तर धातू विरूप होतो. म्हणून इंजिनाच्या पोटातून पाणी खेळवतात, ते रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्यावर निववतात आणि पुन्हा आत पाठवतात. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते; पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या गावी दोनेक अंश आधीच. ते उकळू नये म्हणून दोन उपाय असतात. एक म्हणजे पाण्यात ग्लायकॉल मिसळायचे. त्याने उकळण्याचा बिंदू वर जातो, आणि सोबतच्या इतर द्रव्यांमुळे धातू गंजत नाही. दुसरा म्हणजे रेडिएटरचे झाकण. त्यातली स्प्रिंग आतला दाब वाढू देते, आणि दाबाखालचे पाणी ११५ अंशांच्याही पुढे द्रवरूप राहते. तापून फुगलेले जादा पाणी झाकणातून बाटलीत येते आणि इंजिन निवले की तेच परत आत ओढले जाते. म्हणजे ती बाटली हा काही साठा नव्हे. तो या येण्याजाण्याचा साक्षीदार. तिच्यात वरून ओतत राहणे म्हणजे साक्षीदाराला पढवण्यासारखेच.

नानांच्या पिढीला हे झाकण वेगळ्या कारणासाठी आठवते. त्यांच्या जुन्या फियाटमधून आम्हांपैकी एकाने लहानपणी कात्रजचा जुना घाट कितीतरी वेळा पाहिला आहे. तेव्हा घाटात बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या हे नित्याचे दृश्य होते. डिकीत पाण्याचा कॅन असल्याशिवाय कोणी लांब निघत नसे. नाना अर्धा तास थांबत. मग ओला टॉवेल हाताला गुंडाळून झाकण एक आटा सैल करीत, झटकन बाजूला होत. फुस्स करून वाफ निघून गेली की मगच पुरते उघडून सावकाश पाणी ओतीत. आजही तापलेल्या गाडीचे झाकण कोणी उघडू नये. दाबाखालचे ते पाणी अंगावर आले तर कातडी सोलवटते. पण त्या काळच्या माणसाच्या मनात 'गाडीला पाणी घालणे' ही गुराला पाणी दाखवण्याइतकी साधी, मायेची गोष्ट होती, एवढेच इथे लक्षात ठेवायचे.

शेवटी आम्ही गाडी गॅरेजमध्ये नेली. आमचे मेकॅनिक शब्द मोजून वापरणारे आहेत. आम्ही म्हणालो, "गळती आहे." ते म्हणाले, "गळती नाही सर, पाझर आहे. गळलं तर खाली दिसतं. हे पाझरतंय आणि गरम लोखंडावर तिथल्या तिथं सुकतंय." हा भेद आम्ही वर्गात कधी इतक्या नेमकेपणाने सांगितला नव्हता. ठिबकणे, गळणे, झिरपणे, पाझरणे, निथळणे हे शब्द आम्ही समानार्थी म्हणून एका ओळीत लिहून देतो. त्या माणसाच्या लेखी प्रत्येक शब्द वेगळा रोग होता आणि वेगळा खर्च.

मग संशयितांची यादी झाली. पहिले झाकण, त्याचे रबर कडक झाले असले तर दाब टिकत नाही. ते आम्ही नाना पेठेतून नवे आणले. जुन्या गाडीचा कुठलाही सुटा भाग मिळण्याची पुणेकरांची जागा तीच. मग रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा. मग हीटर, तो पाझरत असेल तर पुढच्या सीटखालचा गालिचा ओलसर लागतो आणि काचांवर आतून गोडसर वासाचे धुके धरते. ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारीही. सांडले तर कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतते, म्हणून पार्किंगमधल्या मांजरांची काळजी आम्ही तेव्हापासून करू लागलो. सर्वांत शेवटचा आणि भारी संशयित हेड गॅस्केट. ते गेले तर पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन निघून जाते, किंवा तेलात मिसळून तेलाचे ताक होते. तशी लक्षणे नव्हती. पण सुरुवात असू शकते, असे मेकॅनिक म्हणाले. थंड गाडीला पंपाने दाब देऊन पाहिला, तो टिकला. "आता आठ दिवस काही घालू नका. बाटलीवर खूण करा आणि नुसतं बघा. काटा चढला तर गाडी जागेवर बंद करा. भरत राहिलात तर मला कळणार कसं, कुठून जातंय आणि किती जातंय?"

त्या रात्री जेवताना आम्ही हिशेब मांडला. हेड उघडावे लागले तर खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने बराच होता. तसे असेल तर विकून टाकलेली बरी, असे आमच्यापैकी एकजण म्हणाला आणि दुसरीने मान हलवली. नाना ताक भुरकत होते. ते काहीच बोलले नाहीत.

काळ्या मार्करने आम्ही बाटलीवर रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली. आठ दिवसांनी पाहिले. पातळी बरोबर रेघेवर. झाकणाचाच दोष होता म्हणायचा, असे म्हणून आम्ही आनंदाने आणखी आठ दिवस जाऊ दिले. या खेपेला पातळी रेघेच्या वर होती. कमाल पातळीच्याही वर, बाटलीच्या गळ्यापर्यंत, आणि बाहेरच्या अंगावर ओघळ सुकल्याचा माग. पाझरणाऱ्या गाडीतले पाणी वाढले होते.

गॅरेजमध्ये मेकॅनिकनी बाटलीतले थोडे पाणी काचेच्या पेल्यात काढून उजेडात धरले. पोपटी हिरवा रंग जाऊन ताकाच्या निवळीसारखे काहीतरी उरले होते. "यात कूलंट राहिलंच नाही. साधं पाणी आहे हे. कोण घालतंय?"

कोण घालतेय, हे आम्हांला त्याच क्षणी कळले असावे. पण आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही गॅलरीत उभे राहिलो. जानेवारीतली थंडी होती. खाली मफलर गुंडाळलेले नाना पार्किंगच्या नळाखाली तांब्या धरून उभे होते. त्यांनी बॉनेट उघडले, वाकून पाणी ओतले, बॉनेट अलगद टेकवले, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही तळव्यांनी दाबले. आम्ही खाली गेलो नाही. त्यानंतरच्या पहाटे मात्र गेलो. नाना दचकले नाहीत. तांब्या हातातच होता. "अरे, चार दिवस झाले, बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. कालचे पाणी त्यांना खरोखरच आठवत नव्हते. पातळी गळ्यापर्यंत का चढली होती, याचा उलगडा आम्हांला तिथे, त्या थंडीत, बॉनेटच्या उघड्या तोंडाशी झाला.

पार्किंगच्या नळाला बोअरवेलचे पाणी येते. त्याने बादल्यांना पांढरे किटण धरते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते काय करील, हे नानांना आम्ही सांगायला नको होते. जन्मभर त्यांनी पाणीच मोजले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुणे बुडाले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, आणि पाटबंधारे खात्यात जायचे त्या दिवसांत ठरले, असे ते सांगत. धरणाच्या आतल्या बोगद्यात उतरून पाझर मोजण्याच्या गोष्टी आम्ही त्यांच्याकडूनच ऐकल्या होत्या. व्ही आकाराच्या खाचेतून पाणी सोडायचे, खाचेवरची त्याची उंची घ्यायची, त्यावरून प्रवाह काढायचा, वहीत नोंदवायचा. पाझरत नाही असे धरण नसते, हे त्यांचे ठरलेले वाक्य. पाझराला भ्यायचे नाही. तो वाढू लागला, किंवा त्यातून गढूळ पाणी येऊ लागले, की भ्यायचे. कारण मग धरणाची मातीच वाहून चालली आहे असा अर्थ होतो. आणि हे कळायचे तर मोजायला हवे, रोज, न चुकता, स्वतःला बरे वाटेल असा आकडा न लिहिता.

त्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही त्यांना याची आठवण दिली. "नाना, तुम्हीच सांगायचात ना, मोजायचं म्हणून?" बराच वेळ ते कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "धरण कोणी विकायला काढत नाही."

त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पण त्या वाक्याने आम्हांला आमचा एक उद्योग दिसला. गेले वर्षभर नाना बोलता बोलता अडखळत. "ते हे आण रे... ते..." की आमच्यापैकी कोणीतरी लगेच म्हणे, "चष्मा?" ते म्हणत, "हां, चष्मा." शेजाऱ्यांचे नाव, भाजीचे नाव, काल कोण आले होते ते, सारे आम्ही त्यांना पुरवत होतो. दोघेही भाषेचे शिक्षक. शब्द आमच्या जिभेवर तयार असतात. नानांचे वाक्य पुरे व्हायचे, संभाषण पुढे सरकायचे, आणि पातळी दोन रेघांच्या मध्ये दिसायची. घरी आलेला पाहुणा म्हणे, नाना अगदी ठणठणीत आहेत. आम्हीही तसेच म्हणत होतो. याला आम्ही माया समजत होतो, आणि ती माया नव्हती असे नाही. नानांच्या तांब्यातही तीच होती. त्यांनी आमच्यापासून गाडीचा पाझर लपवला, आम्ही त्यांच्यापासून आणि स्वतःपासून त्यांचा. फरक इतकाच की नाना थंडीत खाली उतरून, वाकून, कष्टाने ते करीत होते. आम्हांला काहीच कष्ट पडत नव्हते.

त्याच महिन्यात आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नानांना घड्याळाचे चित्र काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवायला सांगितली, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, चित्रे दाखवून नावे विचारली. एका चित्रावर नाना थबकले आणि आमच्या तोंडून ते नाव निघून गेले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्ही दोघं थोडा वेळ बोलू नका. त्यांना सांगू द्या. नाही आलं तर नाही आलं, पण मला ते कळायला हवं." मेकॅनिकचेच वाक्य, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या तोंडून. आम्ही गप्प बसलो. वर्गात विद्यार्थी उत्तरासाठी चाचपडत असताना थांबायचे असते, हे आम्ही नव्या सहकाऱ्यांना सांगत आलो आहोत. स्वतःच्या बापापुढे थांबणे किती अवघड असते ते त्या दहा मिनिटांत कळले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असे निदान झाले. जे गेले ते परत येईल असे औषध नाही. वेग थोडा कमी राहावा म्हणून गोळ्या, दिनक्रम, फिरणे, माणसांत राहणे.

गाडीचे निदान त्यामानाने सुखाचे निघाले. जुने पाणी काढून, आतून धुऊन, नवे कूलंट भरले आणि बाटलीला कोणी हात लावायचा नाही असे ठरवून गाडी रोजच्या रस्त्यावर चालवली. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत तासभर रखडून आल्यावर मेकॅनिकनी इंजिन चालू ठेवूनच बॅटरीच्या उजेडात पाहिले. पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या अंगावर, एका बारीक भोकाखाली, पांढरट हिरवा पापुद्रा धरला होता. हे भोक तिथे मुद्दामच ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावे आणि बघणाऱ्याला कळावे, यासाठी. त्याला वीप होल म्हणतात. शब्दशः, रडण्याचे छिद्र. थंड गाडीला दाब दिला तेव्हा ते रडले नव्हते. गरम होऊन पंप फिरू लागला की थेंब येई आणि जागीच सुके. पंप बदलला. खर्च, विकण्याइतका नव्हे, एका चांगल्या शब्दकोशाइतका आला. गॅस्केट शाबूत होते.

आता रविवारी सकाळी आम्ही तिघे खाली उतरतो. नाना पट्टी लावून बाटलीची पातळी मोजतात आणि जुन्या सवयीने तारीख, वेळ, इंजिन थंड की गरम, हे सारे वहीत लिहितात. अक्षर पूर्वीइतके सरळ नाही, पण आकडा खरा असतो. पातळी गेल्या कित्येक महिन्यांत हललेली नाही. वर आल्यावर आम्ही आमची वेगळी वही उघडतो. डॉक्टरांनी सांगितल्यावरून ठेवलेली. त्या आठवड्यात कोणते शब्द अडले, कोणते आले, किती वेळाने आले. त्या वहीतली पातळी खाली जाते, हळूहळू, आणि आम्ही ती तशीच लिहितो. सुरुवातीला हे लिहिताना आपण त्यांच्याशी काही क्रूरपणा करतो आहोत असे वाटे. पण शब्द पुरवायचे थांबल्यापासून नाना जास्त बोलतात. वाक्य मध्येच तुटले तरी ते आता त्यांचे असते.

गेल्या रविवारी ते पट्टी घेऊन गाडीपुढे उभे राहिले आणि बॉनेट उघडायला सांगण्यासाठी शब्द शोधू लागले. आम्ही थांबलो. त्यांनी हात उंचावला, खाली घेतला, स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कपाळ. गाडीचं कपाळ उघड."

आम्ही उघडले. वर आल्यावर तो शब्द वहीत कोणत्या रकान्यात लिहायचा, यावर आमचे एकमत होईना. अडलेल्या शब्दांत की आलेल्या? अखेर दोन्हीकडे लिहिला, तारखेसह.